‘द स्क्रीम’मधला माणूस खरंच किंचाळतोय का?

‘जगप्रसिद्ध चित्रातला हा माणूस भीतीने किंचाळतो आहे’ असं लिहिलेलं चित्र आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलं असेल. हा समज होणं अगदी स्वाभाविक आहे. चित्राचं नाव ‘किंकाळी’ आणि समोर उघडं तोंड!

पण आधी हात पाहा. दोन्ही तळवे कानांवर दाबलेले आहेत. ओरडणाऱ्यापेक्षा असह्य आवाज ऐकणारा माणूस असं करतो.

मग किंकाळी कोणाची? नॉर्वेचे चित्रकार एडवर्ड मुंक यांनी जानेवारी १८९२च्या नोंदीत हे लिहून ठेवलं आहे. दोन मित्रांबरोबर फिरताना सूर्यास्ताला आकाश रक्तासारखं लाल झालं. ते थकून कठड्याला टेकले, मित्र पुढे गेले, आणि भीतीने थरथरत असताना निसर्गातून एक अंतहीन किंकाळी जात असल्याचं त्यांना जाणवलं. हा रस्ता आजच्या ओस्लोमधल्या एकेबर्ग टेकडीवरचा. १८९३च्या चित्रात कठडा आहे, लाल आकाश आहे, आणि मागे ते दोघे निवांत दिसतात. हा माणूस ओरडत असता तर त्यांनी वळून पाहिलं नसतं का? मला तरी हे चित्र इथेच सर्वात एकाकी वाटतं.

पडताळायचं असेल तर १८९५ची काळी-पांढरी शिळाछाप आवृत्ती शोधा. तिच्या काही प्रतींवर खाली जर्मनमध्ये एक ओळ छापलेली दिसते: ‘निसर्गातून जाणारी मोठी किंकाळी मला जाणवली.’