पार्श्वभूमी: नेदरचा मुलूख आणि त्याच्या छताचा न मिटलेला वाद

माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांच्या (ब्लॉकच्या) जगाचा व्हिडिओ गेम अलीकडे सुरू केलेल्यांना त्यातलं नेदर हे पाताळासारखं जग म्हणजे स्वतंत्र मुलूख वाटतो. जंगलं, दऱ्या, पडके किल्ले, सोन्यासाठी हपापलेले, डुकराच्या तोंडाचे पिग्लिन. प्रत्यक्षात तो आला तेव्हा त्याचा मुख्य उपयोग जवळची वाट एवढाच होता. ३० ऑक्टोबर २०१० च्या अल्फा १.२.० मध्ये, हॅलोविनच्या तोंडावर, भोपळे आणि नव्या बायोमसोबत (प्रदेशांच्या प्रकारांसोबत) नेदरचं पोर्टल, म्हणजे तिकडे जायचं दार, आलं. पलीकडे नेदररॅक, सोल सँड, ग्लोस्टोन हे ब्लॉक, आगीचे गोळे फेकणारे उडते घास्ट आणि झॉम्बी पिगमन, यादी तिथेच संपत होती. खरी गंमत हिशेबात होती. नेदरमध्ये आडवा एक ब्लॉक चाललं की ओव्हरवर्ल्डमध्ये, म्हणजे खेळाच्या नेहमीच्या जगात, आठ ब्लॉक अंतर कापलं जातं. उंचीला मात्र हा हिशेब लागू नाही. घोडे आणि एलिट्रा (उडायचे पंख) यायला अजून काही वर्षं होती, त्यामुळे लांबच्या दोन तळांना जोडायला याहून सोयीचं काही नव्हतं.

तिथले धोके म्हणजे या आठपट वेगाचा टोल, असं पाहिलं की नेदरच्या रचनेतल्या बऱ्याच विचित्र गोष्टींचा अर्थ लागतो. ओव्हरवर्ल्डमध्ये अंगवळणी पडलेली प्रत्येक सवय इथे उलटते. बादलीतलं पाणी ओतताक्षणी वाफ होतं, म्हणजे पेट घेतल्यावर विझायची नेहमीची युक्ती बाद. होकायंत्र आणि घड्याळ भिरभिरत राहतात, नकाशावर नुसता गोंधळ दिसतो. लाव्हा वरच्यापेक्षा वेगाने आणि लांबपर्यंत पसरतो. ३१ व्या पातळीपर्यंत त्याचे समुद्र भरलेले आहेत, आणि छतातून त्याच्या धारा कोसळतात त्या वेगळ्याच. पुढे पलंग आले, पण नेदरमध्ये पलंगावर आडवं व्हायला गेलं की तो फुटतो, तोही टीएनटीपेक्षा जोरात: स्फोटाची ताकद टीएनटीची ४, पलंगाची ५. एन्शंट डेब्रीवर (नेदराइट धातूच्या कच्च्या ब्लॉकवर) स्फोटाचा परिणाम होत नाही आणि भोवतीचा नेदररॅक मात्र उडून जातो, हे लक्षात आल्यावर खेळाडूंनी याच पलंगांचे सुरुंग केले. शिक्षेचं हत्यार करण्याची ही खोड पुढे येणाऱ्या छताच्या वादातही दिसते.

मे २०११ मध्ये बीटा १.६ सोबत नेदरचा प्रवास मल्टिप्लेअरमध्येही शक्य झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात १.० सोबत नेदर फोर्ट्रेस (किल्ले) आणि त्यांतले ब्लेझ हे शत्रू आले. ब्लेझला मारून मिळणाऱ्या ब्लेझ रॉडशिवाय आय ऑफ एंडर बनत नाही आणि त्याशिवाय एंड या शेवटच्या जगात जाता येत नाही. म्हणजे हौशी लोकांची आडवाट खेळ पूर्ण करण्याच्या सक्तीच्या रस्त्यावर आली. त्यानंतर जवळपास साडेआठ वर्षं इथला भूगोल बदललाच नाही असं म्हटलं तरी चालेल. १.५ मध्ये क्वार्ट्झ आणि १.१० मध्ये मॅग्मा ब्लॉक आले, बाकी सगळीकडे तोच लाल रंग. याच सुस्त काळात खेळाडूंनी छताचा ताबा घेतला.

नेदरला वरून बेडरॉकचं, म्हणजे न फुटणाऱ्या दगडाचं, झाकण आहे; छत म्हणतात ते हेच. थर ओबडधोबड आहे, खालच्या बाजूने त्यात खाचा आहेत आणि १२७ व्या पातळीला तेवढा एकच अखंड पापुद्रा. खेळाच्या जावा आवृत्तीत मात्र नेदरची बांधकामाची मर्यादा २५६ पर्यंत जाते, म्हणजे झाकणाच्या वर खालच्याइतकीच उंची रिकामी. योग्य खाच शोधायची, शिडी लावायची, एंडर पर्ल (पडेल तिथे खेळाडूला पोचवणारा मणी) फेकायचा आणि पापुद्र्याच्या वर निघायचं. वर सपाट करडं मैदान, लाव्हा नाही, घास्ट नाही. जावात बेडरॉकवर मॉब (खेळातले जीव) जन्मत नाहीत, त्यामुळे मैदान निर्मनुष्यच नव्हे, निर्धोकही. आठपट वेग तर जसाच्या तसा मिळतो. पक्क्या बर्फावर होडी सेकंदाला सुमारे ४० ब्लॉक पळते, निळ्या बर्फावर सुमारे ७२, आणि ओव्हरवर्ल्डच्या हिशेबात त्याचे सेकंदाला साडेपाचशेहून जास्त ब्लॉक होतात. सोन्याचे मोठे फार्मही (मॉब मारून सोनं काढायच्या रचना) इथेच उभे राहिले. झॉम्बीफाइड पिग्लिन (झॉम्बी पिगमनचं आताचं नाव) जन्मू शकतील अशी एकच जागा म्हणजे तुमचा फार्म, आणि खालची गर्दी आवाक्याबाहेर, अशी सोय दुसरीकडे मिळत नाही.

वाद इथून सुरू होतो. एका बाजूचं म्हणणं, हा उघड दोष आहे: टोल चुकवून वेग घ्यायचा असेल तर धोक्यांना अर्थ काय? दुसरी बाजू म्हणते, इतकी वर्षं उघडी राहिलेली वाट आता खेळाचाच भाग झाली आहे. निर्मात्यांनी छताला कधी रीतसर वैशिष्ट्य म्हणून मिरवलं नाही आणि जावात ते बंदही केलं नाही. बेडरॉक या दुसऱ्या आवृत्तीत (नावाचा योगायोग डोकं खातो, पण इलाज नाही) नेदरमधलं बांधकाम १२८ ला थांबतं. छतावर पोचलात तरी तिथे एक ब्लॉकही ठेवता येत नाही. एकाच खेळाच्या दोन आवृत्त्यांत दोन न्याय, आणि दोन्ही वर्षानुवर्षं तसेच. मल्टिप्लेअरमध्ये तर प्रत्येक सर्व्हरचा कायदा निराळा. काही सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये ठरावीक उंचीवर गेल्यास खेळाडूला व्हॉइडसारखी (जगाखालच्या पोकळीत पडल्यासारखी) इजा व्हावी, अशी सेटिंगच आहे.

दोषाचा मुद्दा तर्काला धरून आहे, पण व्यवहारात तो लंगडा पडतो. छतावर जायला आधी नेदर पार करावा लागतो आणि एंडर पर्लही मिळवावा लागतो. तिथे पोचलेल्याने टोल एकदा तरी भरलेला असतो. शिवाय बंद करायच्या संधी आल्या होत्या. २०२१ मध्ये १.१८ ने ओव्हरवर्ल्डची उंची −६४ ते ३२० अशी ताणली, तेव्हाही नेदरच्या छताला हात लागला नाही.

त्याआधी, २३ जून २०२० ला, १.१६ ने खालचा मुलूख मात्र मुळापासून बदलला. जुना लाल प्रदेश नेदर वेस्ट्स या नावाने पाच बायोमांपैकी एक उरला. सोल सँड व्हॅलीत पाय रुततात आणि उघड्यावर घास्ट व सांगाडे दोन्हीकडून मारा करतात. बसॉल्ट डेल्टामध्ये मॅग्मा क्यूब आणि पावलागणिक लाव्ह्याची डबकी. क्रिमसन जंगलात अंगावर येणारे हॉग्लिन. वार्प्ड जंगल त्यातल्या त्यात सुरक्षित, तिथे एंडरमॅनशी नजरानजर टाळली की बरंचसं भागतं. सोन्याचं काहीही अंगावर नसेल तर पिग्लिन धावून येतात, आणि असलं तरी त्यांच्यासमोर पेटी उघडली की संपलं. जुन्या गैरसोयींवरही उतारे आले: होकायंत्रासाठी लोडस्टोन, पलंगाऐवजी रिस्पॉन अँकर (मेल्यावर परत यायची जागा), लाव्ह्यावरून चालायला स्ट्रायडर. नेदराइटच्या वस्तू लाव्ह्यात जळत नाहीत, त्या घालणारा मात्र जळतो, हे पुष्कळांना उशिरा कळतं.

छताचा प्रश्न या अपडेटने सोडवला नाही, त्याला बगल दिली. डेब्री खाली, बॅस्टियन (पिग्लिनचे पडके किल्ले) खाली, पिग्लिनशी सौदाही खालीच. जून २०२३ च्या १.२० ने ही पकड आणखी आवळली. आता हिऱ्याच्या वस्तूला नेदराइट चढवायला अपग्रेड टेम्प्लेट लागतो आणि तो बॅस्टियनमध्येच सापडतो. छतावर कितीही मोठा फार्म असला तरी पहिल्या टेम्प्लेटसाठी खाली उतरावंच लागतं. जुन्या खेळाडूंनी यावर बराच आरडाओरडा केला. बराचसा त्रास पहिल्या टेम्प्लेटपुरताच होता, कारण पुढे हिरे आणि नेदररॅक वापरून त्याच्या प्रती काढता येतात.

जून २०२५ मध्ये १.२१.६ ने घास्टलाच माणसाळवलं. सोल सँड व्हॅलीतल्या अवशेषांजवळ सुकलेला घास्ट मिळतो, तो पाण्यात ठेवला की पिल्लू होतं आणि वाढल्यावर चार जणांना घेऊन उडतं. पाणी नेदरमध्ये टिकत नाही, म्हणून त्याला आधी पोर्टलमधून बाहेर न्यावं लागतं.