रानातून पकडलेल्या शॅमेलिऑनला घरात स्थिरावणे

रानात पकडलेला शॅमेलिऑन नव्या घरात आल्यापासून तो नियमित पाणी पिऊ लागेपर्यंत, न बिचकता खाऊ लागेपर्यंत आणि त्याच्या अंगातले रोग-जंत आटोक्यात येईपर्यंत घ्यायची काळजी. या काळाला एक ते तीन महिने लागतात. बंदिस्त पैदाशीच्या पिल्लाला एवढा वेळ लागत नाही. ते जाळी, दिवा आणि माणूस पाहतच वाढलेले असते. रानातल्या प्राण्याला यातले काहीच ओळखीचे नसते. त्याच्यासाठी क्रम ठरलेला आहे : आधी पाणी, मग आडोसा व ऊन, मग खाणे, त्यानंतर औषध. हाताळणे सर्वांत शेवटी, किंवा कधीच नाही.

देशी जात व कायदा : मराठीत शॅमेलिऑनला सरडगुहिरा किंवा घोयरा म्हणतात, कानडीत गोसुंबे. बेळगाव सीमाभागात बांधावर, कुंपणाच्या झुडपांत दिसतो तो भारतीय शॅमेलिऑन. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये तो संरक्षित आहे. त्याला पकडणे, विकणे, घरात ठेवणे हे तिन्ही गुन्हे आहेत. त्यामुळे पुढची माहिती त्याला घरी आणण्यासाठी वापरू नये. पुष्कळ ठिकाणी त्याला विषारी समजून दगडांनी ठेचतात. त्याच्यात विष नसते. चिडला की तो अंग फुगवतो, काळा पडतो, तोंड वासून फुसकारतो. त्याच्याकडे बचावाला एवढेच आहे. रस्त्यावर सापडला तर त्याच्यापुढे काठी आडवी धरावी, तो स्वतः चढतो. मग ज्या बाजूला तोंड करून चालला होता त्याच बाजूच्या झाडावर सोडावे. मादी अंडी घालायला जमिनीवर उतरते, त्यामुळे रस्ता ओलांडणारा प्राणी वाट चुकलेला असतोच असे नाही. जखमी असेल तर हवेशीर खोक्यात, आत एक फांदी ठेवून, अंधारात ठेवावा आणि वनविभागाला कळवावे.

परदेशी जातींना वेगळे नियम आहेत. शॅमेलिऑनच्या बहुतेक सर्व जाती साइट्स कराराच्या (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्टांत असल्याने २०२२ च्या कायदेदुरुस्तीनुसार व २०२४ च्या नियमांनुसार त्यांची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश संकेतस्थळावर नोंद करावी लागते. कागदपत्रे नसलेला प्राणी घेऊ नये. आणि कागदपत्रे असली तरी शक्यतो बंदिस्त पैदाशीचाच घ्यावा. रानातून काढलेल्या प्रत्येक प्राण्यामागे वाटेत मेलेले काही असतात, आणि पोचलेला प्राणीही बहुधा आजारीच असतो.

आल्यावर काय बिघडलेले असते : पकडणाऱ्यापासून विकणाऱ्यापर्यंतच्या प्रवासात शॅमेलिऑनला कापडी पिशवीत किंवा दाटीच्या जाळीत ठेवलेले असते. समोर पाण्याची वाटी असली तरी साचलेले पाणी त्याला पाणी म्हणून ओळखता येत नाही. तो पानांवरचे दव आणि पावसाचे थेंब चाटून जगतो. म्हणून हातात येईपर्यंत त्याला आठवडेच्या आठवडे पुरेसे पाणी मिळालेले नसते, आणि सर्वाधिक मार मूत्रपिंडांना बसलेला असतो. रानात प्रत्येकाच्या पोटात थोडे जंत असतातच व ते तिथे फारसा त्रास देत नाहीत. पण भीती आणि तहान यांनी प्रतिकारशक्ती ढासळली की तेच जंत वाढतात.

पहिली तपासणी हातात न घेता करावी. डोळे गोल, भरलेले आणि दिवसभर उघडे हवेत. खोल गेलेले डोळे म्हणजे पाण्याची कमतरता. दिवसा मिटलेले डोळे म्हणजे दुखणे पुढे गेलेले. फांदीवरची पकड घट्ट आहे का, कोपरे-गुडघे सुजलेत का, ओठांच्या कडेला पिवळट पू आहे का, कातडीखाली दोऱ्यासारखी वळवळ दिसते का, हे पाहावे. विष्ठेबरोबर येणारा यूरेटचा (घट्ट झालेल्या लघवीचा) गोळा पांढरा असेल तर पाणी पुरेसे आहे. पिवळा किंवा नारिंगी असेल तर कमी पडते आहे. वजन एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर, फांदीसकट, आठवड्यातून एकदा करावे आणि मग फांदीचे वजन वजा करावे.

पिंजरा : मासे पाळायची काचपेटी चालत नाही. आत हवा कोंडते, आणि काचेत दिसणाऱ्या स्वतःच्याच प्रतिबिंबाला दुसरा नर समजून प्राणी दिवसभर काळवंडलेला राहतो. चारी बाजूंनी जाळी असलेला उभा पिंजरा हवा. यमनी किंवा पँथर जातीच्या प्रौढासाठी ६० × ६० × १२० सेंमी, लहान जातींसाठी ४५ × ४५ × ९० सेंमी. लाकडी चौकट कोणताही सुतार करून देतो. जाळी खिडकीच्या डासजाळीसारखी, ॲल्युमिनियमची घ्यावी. मऊ नायलॉनच्या जाळीत नखे अडकतात आणि सुटायच्या धडपडीत उपटून निघतात. पिंजरा टेबलावर किंवा भिंतीतल्या फळीवर एवढा उंच ठेवावा की वरची फांदी उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या वर येईल. वरून पाहणारा माणूस त्याला शिकारी पक्ष्यासारखा वाटतो. पहिला महिना तीन बाजू जुन्या सुती साडीने झाकाव्यात.

आत इतकी पाने हवीत की प्राण्याला हवे तेव्हा पूर्ण दडता यावे. जास्वंद, फायकस आणि मनी प्लांट चांगले. कण्हेर, रुई, धोतरा आणि शेर आत नेऊ नयेत. रोपवाटिकेतल्या झाडांवर कीटकनाशक मारलेले असते, म्हणून पाने धुऊन झाड दोन-तीन आठवडे बाहेर ठेवावे आणि मगच वापरावे. पेरू किंवा जांभळाच्या फांद्या बसवताना काही आडव्या, काही तिरक्या ठेवाव्यात. जाडी अशी की पंजाने अर्धी-पाऊण कवेत यावी. एका पिंजऱ्यात एकच प्राणी, आणि दोन पिंजरे एकमेकांना दिसणार नाहीत असे.

दिवा व ऊन : यूव्हीबी म्हणजे उन्हातले अतिनील किरण. ते देणारा सरळ, बारीक नळीचा (टी-५) दिवा, ५ ते ६ टक्के यूव्हीबीचा, जाळीवर ठेवून वरच्या फांदीपासून २० ते २५ सेंमीवर, रोज १२ तास. नळी उजेड देत राहिली तरी तिचा यूव्हीबी घटत जातो, म्हणून वर्षाला बदलावी. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन यासाठी निरुपयोगी, कारण काच यूव्हीबी अडवते. अंगणात जाळीच्या पिंजऱ्यात, अर्धा भाग सावलीत ठेवून सकाळचे १५ ते ३० मिनिटांचे ऊन कोणत्याही दिव्याला भारी पडते.

शेकण्यासाठी ४० ते ६० वॅटचा साधा बल्ब पिंजऱ्याबाहेर, फांदीपासून किमान २० सेंमीवर लावावा. यमनी आणि पँथर जातींना शेकण्याच्या जागी २९ ते ३२ अंश सेल्सिअस लागते. जॅक्सनसारख्या डोंगरी जातीला २७ ते २९ पुरे. शॅमेलिऑनला पाठीवर चटका बसतो आहे हे वेळेवर उमगत नाही, त्यामुळे बल्ब जवळ असला की पाठीवर आणि डोक्याच्या तुऱ्यावर भाजल्याचे डाग दिसू लागतात. रात्री सगळे दिवे बंद, रंगीत दिवासुद्धा नको.

पाणी : पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक वेळ याच कामाला द्यावा. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी बारीक फवारा पाच ते दहा मिनिटे पानांवर मारावा, तोंडावर नाही. दोन फिसकारे मारून थांबल्यास काही उपयोग होत नाही. पहिली काही मिनिटे प्राणी नुसता गोठून बसतो. मग एक डोळा पुढच्या पानाकडे वळतो, मान किंचित पुढे येते, जिभेचे टोक पानाच्या कडेला टेकते आणि गळ्याखालची कातडी हलू लागते. एकदा सुरुवात झाली की तहानलेला प्राणी दहा-दहा मिनिटे चाटत राहतो. त्या वेळी जवळ जाऊ नये, फवाराही थांबवू नये.

फवाऱ्यांच्या मधल्या वेळेसाठी ठिबक लावावी. औषधाच्या दुकानातला सलाइनचा संच यासाठी उत्तम. बाटली रिकामी करून, धुऊन साधे पाणी भरावे, सुई काढून टाकावी आणि चाक फिरवून दर दोन सेकंदांना एक थेंब पडेल असे ठेवावे. अशा संचात २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो, म्हणजे ताशी सुमारे ९० मिलि. थेंब पानावर पडून खाली भांड्यात निथळायला हवा.

डोळे फार खोल गेले असतील तर कुंडीतले झाड न्हाणीघरात ठेवावे, प्राण्याला त्यावर बसवावे आणि कोमट पाण्याचा शॉवर भिंतीवर मारून नुसते तुषार अंगावर येऊ द्यावेत, २० ते ३० मिनिटे. तोंड उघडून ड्रॉपरने पाणी ओतणे धोक्याचे आहे. पाणी श्वासनलिकेत गेले की फुप्फुसाचा दाह होतो.

सीमाभागाचे हवामान : या बाबतीत एकच सूचना सगळीकडे लागू पडत नाही. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असून रात्री गार असतात. डोंगरी जातींना ते मानवते. पश्चिमेला खानापूर-कणकुंबीकडे जून ते सप्टेंबर हवा ओलीच असते. तिथे पावसाळ्यात पिंजरा वाळतच नाही आणि पानांवर बुरशी, प्राण्याला छातीचे दुखणे असा प्रकार होतो. अशा वेळी फवारा सकाळचा एकच ठेवावा, खोलीत मंद पंखा लावावा, पण झोत पिंजऱ्यावर नको. दोन फवाऱ्यांच्या मध्ये पाने पूर्ण सुकली पाहिजेत. पूर्वेला अथणी-रायबागच्या कोरड्या पट्ट्यात उलट अडचण. एप्रिल-मेमध्ये दिवसभर ठिबक हवीच, शेकण्याचा बल्ब बहुतेक वेळा बंदच ठेवावा लागतो, आणि डोंगरी जात तिथे ठेवूच नये. पत्र्याच्या छपराखालची खोली कोणत्याच जातीला चालत नाही. कौलारू घराची माजघराकडची बाजू बरी.

खाणे : प्राणी पाणी पिऊ लागला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी किडे द्यावेत, तहानलेल्या पोटात अन्न पचत नाही. रानातल्या प्राण्याला वाटीतल्या अळ्या खाद्य वाटत नाहीत. उडणारे, हिरवे, चढणारे काही दिले तर तो चटकन वळतो : नाकतोडे, पतंग, माश्या. किड्याची रुंदी प्राण्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त नको. सुरुवातीला दिवसाला तीन ते पाच पुरेत. किडे सोडावेत आणि खोलीबाहेर जावे.

शेतातले किडे गोळा करताना निपाणी-चिकोडी भागात विशेष जपावे. तंबाखू, ऊस आणि भाजीपाल्यावर फवारणी होते, आणि फवारलेल्या रानातला नाकतोडा प्राण्याला सरळ विषबाधा करतो. गायरानातले, रस्त्यापासून दूरचे गवत त्यातल्या त्यात सुरक्षित. घरातली झुरळेही याच कारणाने नकोत. पावसाच्या तोंडाला घाटाकडे काजवे निघतात. ते चुकूनही देऊ नयेत. काजव्यांच्या अंगातल्या विषाने एक-दोन काजव्यांतच सरडे मेल्याची उदाहरणे आहेत. केसाळ सुरवंटही नकोत.

पुढे घरी वाढवलेले रातकिडे द्यायचे असतील तर त्यांना आदल्या दिवशी शेवग्याचा पाला, गाजर आणि भोपळा खाऊ घालावा. देताना किड्यांना कॅल्शियमची पूड हलकी लावावी; डी-३ असलेली जीवनसत्त्वे महिन्यातून दोनदाच. रात्री उरलेले रातकिडे काढून घ्यावेत, नाहीतर ते झोपलेल्या प्राण्याचे अंग कुरतडतात.

जंत व औषध : आल्याबरोबर जंताचे औषध पाजणे ही सर्वांत महागात पडणारी घाई. कोरड्या पडलेल्या मूत्रपिंडांना औषध झेपत नाही, आणि एकदम मेलेले जंत आतड्यात साचतात. दोन-तीन आठवडे पाणी नीट मिळून यूरेट पांढरा येऊ लागल्यावरच उपचार सुरू करावेत. प्राणी झपाट्याने खालावत असेल तर मात्र पशुवैद्यावर सोपवावे. ताजी विष्ठा छोट्या डबीत, थंड जागी ठेवून २४ तासांच्या आत तपासायला द्यावी. गोल जंत आणि कॉक्सिडिया (आतड्यातले एकपेशीय परजीवी) यांची औषधे वेगळी असतात, मात्रा ग्रॅमवर ठरते. कुत्र्या-शेळीच्या औषधाचा अंदाजपंचे थेंब देऊ नये. घरात आधीचा सरपटणारा प्राणी असेल तर नव्याला ९० दिवस वेगळ्या खोलीत ठेवावे, भांडी वेगळी वापरावीत आणि त्याचे काम सर्वांत शेवटी करून हात साबणाने धुवावेत. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेतल्या साल्मोनेला जीवाणूचा संसर्ग माणसालाही होतो.

मादी : रानातून आलेली मादी पुष्कळदा पोटात अंडी घेऊनच येते. ती अचानक खाणे सोडते आणि तळाशी येऊन जाळी उकरू लागते. अंडी घालणाऱ्या जातींसाठी पहिल्या दिवसापासूनच पिंजऱ्यात बादलीएवढे भांडे ठेवावे. त्यात माती व वाळू समप्रमाणात, ३० सेंमी खोल, मुठीत दाबल्यावर गोळा होईल इतकी ओली. ती खणू लागली की समोर कापड टाकावे आणि तिकडे फिरकू नये. कोणी पाहते आहे असे वाटले तर ती बिळ अर्धे टाकून देते आणि अंडी पोटातच अडकतात. जॅक्सन जातीला याची गरज नाही, ती पिल्लेच घालते.

स्थिरावल्याच्या खुणा : सकाळी उठल्याबरोबर काळपट होऊन एक बाजू उन्हाला लावणे आणि शेकून झाल्यावर उजळणे, माणूस खोलीत असताना किडा टिपणे, आठवड्याचे वजन स्थिर राहणे किंवा वाढणे, रोज त्याच फांदीवर, शेपटी गुंडाळून, फिकट रंगात झोपणे. दिवसभर काळा, तळाशी बसलेला किंवा तोंड वर करून श्वास घेणारा प्राणी स्थिरावलेला नाही. श्वास घेताना टचटच आवाज येत असेल तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे.