वडिलांची पेन्शन म्हाडाच्या अर्जात धरत नाहीत

नागपुरात वर्षानुवर्षे एक समज फिरतो: म्हाडाच्या घरांच्या सोडतीत, म्हणजे लॉटरीत, अर्ज भरताना घरातल्या सगळ्यांची कमाई मोजतात, आणि बापाच्या नावावर घर असलं की पोरगा बाद. हे खरं नाही. या समजापायी कितीतरी पात्र माणसं अर्जच भरत नाहीत, याचं फार वाईट वाटतं.

उत्पन्न धरतात ते अर्जदाराचं आणि लग्न झालं असेल तर पती किंवा पत्नीचं. महाल भागातल्या एकत्र कुटुंबातला धाकटा मुलगा घ्या. त्याची कमाई वर्षाला साडेतीन लाख, बायकोची दीड लाख. एकूण 5 लाख. नागपूर महानगर क्षेत्रात अत्यल्प उत्पन्न गटाची वार्षिक मर्यादा 6 लाख आहे, म्हणजे तो बसतो. वडिलांची पेन्शन, मोठ्या भावाचा पगार यांचा इथे संबंधच नाही. घराचंही तसंच: पाहतात ते अर्जदार, जोडीदार आणि अल्पवयीन मुलांच्या नावावरचं.

बायकोची कमाई मात्र लपवू नका. पडताळणीत घर हातचं जातं. आणि ‘सेटिंग’ लावतो म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका. म्हाडाने दलाल नेमलेले नाहीत, सोडत संगणकावर निघते. नंबर लागला नाही तर अनामत रक्कम परत मिळते, अर्जाचं शुल्क तेवढं जातं.