किरणोत्सारी समस्थानिके आणि औषधांचा चयापचय

औषधाच्या रेणूतील एखाद्या अणूच्या जागी त्याच मूलद्रव्याचे किरणोत्सारी समस्थानिक (रासायनिक गुण तेच, पण वजन वेगळे आणि किरण सोडणारा अणू) बसवून, शरीरात त्या औषधाचे काय होते याचा माग काढण्याची पद्धत. साधा कार्बन आणि कार्बन-१४ यांत यकृत जवळजवळ फरक करत नाही, मोजणीयंत्र करते. रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज द हेवेशी यांनी १९२३ मध्ये शेंगवर्गीय रोपांत शिरलेल्या शिशाचा असा माग काढला. त्यांना रसायनशास्त्राचे १९४३ चे नोबेल मिळाले. औषधांसाठी लागणारे कार्बन-१४ मात्र मार्टिन केमन आणि सॅम रूबेन या शास्त्रज्ञांच्या हाती १९४० मध्ये आले.

कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या कुठल्याही औषध दुकानात मिळणारी पॅरासिटामॉलची गोळी घ्या. यकृत तिच्या बहुतेक भागाला ग्लुकुरोनिक आम्ल किंवा सल्फेट जोडते. मग तो पाण्यात सहज विरघळतो आणि लघवीवाटे जातो. थोडा भाग सायटोक्रोम पी-४५० गटातल्या विकरांमुळे (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांमुळे) विषारी संयुगात बदलतो आणि पेशींतले ग्लुटाथायोन हे संरक्षक संयुग ते निकामी करते. डोस बेसुमार झाला की ग्लुटाथायोन संपते आणि यकृताला इजा होते. अशा वाटा शोधताना खूण लावलेले औषध देऊन लघवी, शौच आणि गरज असल्यास श्वास यांतला किरणोत्सार मोजतात. दिलेल्यातले जवळपास सगळे परत हाती लागले पाहिजे. तूट आली, तर औषध कुठेतरी ऊतींत अडकले असावे किंवा खूणच चुकीच्या जागी लावली असावी.

खरी कसोटी या जागेचीच. एरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाच्या नायट्रोजनला जोडलेल्या मिथिल गटात कार्बन-१४ ठेवला, तर यकृतातले सीवायपी-३ए४ (सायटोक्रोम पी-४५० गटातलेच एक) विकर तो गट तोडते आणि खूण कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून निघते. उरलेला रेणू मोजणीत दिसत नाही. पण हे विकर किती जोमाने काम करते ते तपासायचे असेल, तर हीच जागा उत्तम. ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन) स्वस्त पडते, पण हायड्रोजन सहज सुटतो अशा सैल जागी बसवले तर ते शरीरातल्या पाण्यात मिसळते आणि आपण औषधाऐवजी पाणीच मोजत बसतो.

कार्बन-१४ चे बीटा कण काचेच्या बाटलीबाहेरही येत नाहीत, म्हणून नमुना चमक देणाऱ्या द्रवात मिसळून मोजावा लागतो. शरीराबाहेरून चित्र घ्यायचे तर गॅमा किरण देणारे टेक्नेशियम-९९एम लागते, आणि तिथे कोल्हापूरचे अंतर आडवे येते. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू ऱ्हास पावण्याचा काळ, ६ तासांचे. मुंबईहून तयार धाडले, तर महामार्गावरच निम्म्याहून अधिक संपेल. म्हणून लांबच्या गावांना ६६ तास अर्धायुष्याचे मॉलिब्डेनम-९९ असलेले जनित्र, म्हणजे मॉलिब्डेनमच्या ऱ्हासातून टेक्नेशियम बनत राहते असे पात्र, पाठवतात. त्यातून मिठाच्या पाण्याने टेक्नेशियम जागेवरच धुऊन काढता येते.

कार्बन-१४ ला अशी घाई नाही. अर्धायुष्य ५७३० वर्षे, त्यामुळे दहा वर्षे कपाटात राहिलेल्या बाटलीतला जेमतेम ०.१२ टक्के ऱ्हास पावतो. अडचण येते ती उरलेल्या द्रावणाची: ८ दिवसांच्या आयोडीन-१३१ चा कचरा काही महिने बंद ठेवला की निवतो, इथे ती सोय नाही आणि विल्हेवाट अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसारच लावावी लागते.