इंजिनाचा ठोका आणि तेलाची पाचर

दसऱ्याच्या सकाळी मामांची जुनी प्रीमियर पद्मिनी झेंडूच्या माळा घालून अंगणात उभी होती. नुकतंच फुल इंजिन काम झालेलं : ब्लॉक बोअरिंग (सिलिंडर आतून कोरून पुन्हा गोल करणं), नवे पिस्टन, नव्या रिंगा, क्रँक ग्राइंडिंग (पिस्टनची ये-जा ज्या दांड्याला फिरवते तो घासून गुळगुळीत करणं). मुहूर्त टळू नये म्हणून घाईघाईने चावी फिरवली. इंजिन लगेच लागलं. मामांनी हौसेने दोन-तीनदा ॲक्सिलरेटर दाबला. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा तोवर विझलेला नव्हता. चौथ्या दिवशी इंजिन चांगलं तापलेलं असताना बोनेटखालून आवाज यायला लागला : ठक, ठक, ठक. मिस्त्री आले, कान लावला आणि म्हणाले, "काय होत नाही काका. नवीन काम हाय, हजारभर किलोमीटर पळवा, आपोआप बसंल."

'पळवली की बसेल' या समजुतीत अर्धं सत्य आहे, म्हणून ती इतकी वर्षं टिकून आहे. बोअरिंग झालं की सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर होनिंग करून मुद्दाम बारीक तिरप्या रेघा पाडतात. नव्या रिंगा या रेघांच्या उंचवट्यांवर घासतात, दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना जुळतात, मग कॉम्प्रेशन नीट धरलं जातं आणि ऑइल जळणं कमी होतं. म्हणजे रिंगा खरोखरच 'बसतात'. क्रँक आणि तो ज्यात फिरतो ते बेअरिंग यांचं नातं मात्र अगदी वेगळं आहे. तिथे चालू इंजिनात धातूने धातूला टेकायचंच नसतं. घासून तिथे काही बसत नाही, फट फक्त वाढत जाते. बेअरिंगमधून ठोका येत असलेली गाडी हजार किलोमीटर पळवणं म्हणजे मोडलेल्या पायावर माणसाला चालायला लावणं.

पण ठोका बेअरिंगचाच आहे, हे कळायचं कसं?

आधी एक गल्लत दूर करू. आपण 'नॉकिंग' हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींना लावतो. एक नॉकिंग जळण्यातलं. पेट्रोल इंजिनात स्पार्क पडला की ज्योत प्लगपासून पसरत जाते. ती कोपऱ्यापर्यंत पोहोचायच्या आतच तिथलं उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटलं, तर दाबाच्या लाटा सिलिंडरभर आपटू लागतात. पद्मिनीच्या सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर. तेवढ्या पोकळीत या लाटांची कंपनं सेकंदाला साधारण ८ हजारांच्या घरात जातात. म्हणून हा आवाज किणकिणीत येतो, डब्यात छर्रे हलवल्यासारखा, आणि येतो तो चढावर, जास्त गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर दाबलेला असताना. नव्या गाड्यांच्या ब्लॉकवर बसवलेला नॉक सेन्सर हीच कंपनं ऐकतो. त्यातला स्फटिक दाबला गेला की वीज निर्माण करतो. हा गुणधर्म पियेर आणि जॅक क्युरी या भावांनी १८८० साली शोधला.

काम केलेल्या इंजिनात हे नॉकिंग दोन कारणांनी येतं. हेडचा (सिलिंडरवरच्या झाकणाचा) खालचा भाग घासून सपाट करताना जास्त धातू काढला तर कॉम्प्रेशन वाढतं, किंवा टायमिंग पुढे लावलं जातं, म्हणजे स्पार्क लवकर पडतो. सध्या प्रत्येक ठोक्याचं खापर इथेनॉलवर फोडायची पद्धत पडली आहे. इथेनॉल मिसळल्याने पेट्रोलची ऑक्टेन वाढते, म्हणजे ते आपोआप पेटायला जास्त विरोध करतं. आपल्याकडच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचा ऑक्टेन आकडा ९५ ठरवला आहे, आधीच्या साध्या पेट्रोलचा ९१ होता. जुन्या गाडीतले रबरी पाइप आणि घटणारं मायलेज हे खरे प्रश्न आहेत, त्यावर जरूर बोलावं. ठोक्याचा गुन्हा मात्र इथेनॉलवर लावता येत नाही.

दुसरं नॉकिंग यांत्रिक. दोन भागांमधली फट वाढली आणि एक भाग दुसऱ्यावर आपटला की हा ठोका पडतो. तो ओळखायला उपकरण फार लागत नाही. एक लांब पेचकस घ्यायचा, टोक इंजिनाला, मूठ कानामागच्या हाडाला. पंख्यापासून आणि पट्ट्यापासून बाह्या आणि केस सांभाळायचे. हेडवर टोक ठेवल्यावर हलकी टिकटिक स्पष्ट येत असेल तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा भाग. त्याला हलवणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे ही टिकटिक क्रँकच्या दोन फेऱ्यांना एकदाच पडते. थंड इंजिनात ठकठक आणि गरम झाल्यावर गप्प, तर पिस्टन : ॲल्युमिनिअम बिडापेक्षा जवळपास दुप्पट पसरतं, म्हणून तापला की पिस्टन बोअरमध्ये घट्ट होतो. नवीन कामानंतर असा आवाज आला तर बोअर मोठा झाला असेल किंवा पिस्टन उलटा बसला असेल. अनेक पिस्टनमध्ये गजन पिन (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणारी खीळ) बरोबर मध्यावर नसते, ती किंचित एका बाजूला असते, आणि पिस्टनच्या डोक्यावरचा बाण इंजिनाच्या पुढच्या बाजूला करायचा असतो. गजन पिन स्वतः ढिली असेल तर आयडलिंगला कडक जोडठोका ऐकू येतो. गाडी ओढताना खोलवरून धप्प आवाज आला तर मेन बेअरिंग, म्हणजे क्रँकला ब्लॉकमध्ये धरणारं. आणि यातलं काहीच नसेल तर फ्लायव्हीलचे, म्हणजे क्रँकच्या टोकावरच्या जड चाकाचे, बोल्ट आधी तपासावेत. ते ढिले असले की हुबेहूब बेअरिंगसारखा आवाज येतो, आणि त्यापायी पूर्ण इंजिन विनाकारण खोललं जातं.

मामांच्या गाडीचा ठोका यातल्या एकाही प्रकारात बसत नव्हता. थंड असताना जेमतेम, तापल्यावर स्पष्ट. गाडी ओढताना कमी, आणि वेग धरून ॲक्सिलरेटर हळूच सोडला की नेमका मोठा. हे बिग एंडचं, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जिथे धरतो त्या बेअरिंगचं लक्षण. मग एकेका सिलिंडरचा स्पार्क बंद करून पाहिलं. पहिला बंद, ठोका तसाच. दुसरा बंद, तसाच. तिसऱ्याचा स्पार्क तोडल्याबरोबर ठोका एकदम मऊ पडला. त्या सिलिंडरमध्ये स्फोटच होत नसेल तर रॉडला खाली ढकलणारा धक्काही नाही, म्हणून ठोका नाही. (ही चाचणी जुन्या डिस्ट्रिब्युटरच्या गाडीत, प्लगची वायर नीट अर्थ करून. कॉमन रेल डिझेल गाडीचा इंजेक्टर पाइप ढिला करायला कधीही जाऊ नये. तिथला दाब हजार बारच्या पुढे जाऊ शकतो आणि डिझेलची बारीक धार कातडीत घुसते.)

आता माझ्या सगळ्यात आवडत्या भागाकडे येतो. तिसऱ्या पिस्टनचं क्षेत्रफळ ३६ चौरस सेंटिमीटरच्या आसपास. पूर्ण जोरात स्फोटाचा दाब ४० बार धरला तर पिस्टनवर साधारण दीड टन भार येतो. हा सगळा भार रॉडमधून क्रँकपिनवर, म्हणजे अंगठ्याएवढ्या रुंद बेअरिंगवर पडतो. मध्ये फक्त ऑइल. मी शाळेत असताना समजायचो की ऑइल पंप दाबाने ऑइल भरतो आणि तो दाब क्रँकला तोलून धरतो. हिशेब करून पाहा. ४५ मिलिमीटर व्यासाची आणि २५ मिलिमीटर रुंदीची पिन धरली तर भार झेलणारं क्षेत्रफळ ११ चौरस सेंटिमीटर. पंपाचा दाब ४ बार. उचललं किती जाईल? फार तर ४५ किलो. वर आहेत पंधराशे. उरलेला भार कोण पेलतं?

या कोड्याचं उत्तर १८८३ साली इंग्लंडमध्ये बीचम टॉवर (Beauchamp Tower) या इंजिनिअरच्या हाती योगायोगाने लागलं. तो रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर घर्षणाचे प्रयोग करत होता. आस खालून तेलात बुडालेला, वर पितळी बेअरिंग, बेअरिंगवर भार. तेल घालण्यासाठी त्याने बेअरिंगला वरून भोक पाडलं. आस फिरायला लागल्यावर त्या भोकातून तेल उलट वर यायला लागलं. त्याने बूच मारलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर आली. मग त्याने तिथे दाबमापक बसवला. बेअरिंगवरचा सरासरी भार चौरस इंचाला १०० पौंड होता, आणि मापकाचा काटा २०० च्या पलीकडे गेला. पंप नव्हता, काही नव्हतं. फिरणारा आस स्वतःच दाब निर्माण करत होता.

तीन वर्षांनी, १८८६ मध्ये, ऑसबोर्न रेनॉल्ड्सने याचं गणित मांडलं. बेअरिंगच्या भोकापेक्षा त्यात फिरणारी पिन किंचित लहान असते. भार पडला की ती एका बाजूला सरकते. मग फट सगळीकडे सारखी राहत नाही, एका बाजूने रुंद आणि पुढे निमुळती होत जाते. पाचरीचा आकार. ऑइल चिकट असतं, ते पिनच्या पृष्ठभागाला धरून राहतं आणि फिरणारी पिन त्याला या निमुळत्या जागेत ओढत नेते. पुढे जागा कमी, मागून ऑइल येतच आहे, बाजूने निसटायला वेळ नाही, म्हणून दाब वाढतो, शेकडो बारपर्यंत. लाकूड फोडताना पाचर ओंडका उचकटते, तशी ही तेलाची पाचर क्रँकला बेअरिंगपासून उचलून धरते. सर्वांत अरुंद ठिकाणी पापुद्रा एक-दोन मायक्रॉन जाडीचा राहतो. माणसाचा केस त्याहून तीसेक पट तरी जाड असतो. पंपाचं काम एवढंच की पाचर ओढेल तेवढं ऑइल तिच्या तोंडाशी हजर ठेवायचं.

पाचर जमायला दोन गोष्टी लागतात, वेग आणि योग्य फट. ४५-५० मिलिमीटरच्या पिनला सुमारे ०.०५ मिलिमीटर फट ठीक. ती दुप्पट झाली तर काय होतं? अरुंद फटीतून वाहणारा द्रव फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. फट दुप्पट, तर गळती आठपट. ऑइल कडेने निसटतं, पाचर पातळ होते, धातू धातूला टेकतो, घासून फट आणखी वाढते. तापलेलं ऑइल पातळ, म्हणून ठोका गरम इंजिनात. आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर का? तेव्हा स्फोटाचा दाब कमी पडतो आणि पिस्टनची स्वतःची जडता रॉडला उलट ओढते. ३००० आरपीएमला पिस्टन सेकंदाला शंभर वेळा थांबून उलटा फिरतो. भार एकदा वरून, एकदा खालून. फट बेताची असेल तर मधलं ऑइल दाबलं जाता जाता गादीसारखं काम करतं. फट मोठी असेल तर पिन तेवढं अंतर मोकळी धावते आणि आपटते. तोच आपला ठोका.

म्हणून 'घट्ट करणारं' जाड ऑइल किंवा जाहिरातीतली ॲडिटिव्हची बाटली ओतल्यावर ठोका काही दिवस दबतो, त्याचं मला नवल वाटत नाही. चिकटपणा वाढला, पाचर थोडी सावरली. फट होती तेवढीच आहे. रोग्याचा आवाज बंद केला, रोग आत चालूच.

सम्प (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) उतरवला, तिसऱ्या रॉडची कॅप खोलली. बेअरिंगचा शेल, म्हणजे आतलं अर्धगोल पातळ अस्तर, हातात घेतला. वरचा थर मऊ, राखाडी, आणि त्यावर मधोमध एक गोल चर, नख अडकेल एवढा खोल. चरात खालच्या थराचा तांबूस रंग चमकत होता. चराच्या टोकाला धातूचा बारीक कण रुतून बसलेला, डाळीच्या कणीएवढासुद्धा नाही. क्रँक ग्राइंडिंगनंतर क्रँकमधली तिरकी ऑइलची भोकं तारेच्या ब्रशने धुतली नव्हती. ग्राइंडिंगचा चुरा भोकात राहिला, पहिल्या ऑइलबरोबर निघाला आणि थेट शेलमध्ये गेला. शेल मुद्दाम मऊ ठेवतात, बारीक कचरा त्यात रुतून क्रँक वाचावा म्हणून. पण कण शेलच्या थरापेक्षा जाड असेल तर तो क्रँकलाच कोरतो. त्यात त्या सकाळची कोरडी सुरुवात, लाल दिवा लागलेला असताना दाबलेला ॲक्सिलरेटर.

शेजारच्या काकू म्हणाल्या, चांगल्या चाललेल्या गाडीला कुणाची तरी नजर लागली. मी त्यांना शेल हातात दिला आणि नख फिरवायला सांगितलं. गाडीची पूजा करण्यात प्रेम आहे, ते मला कळतं, मीही हार घातला होता. पण चाकाखाली लिंबू ठेवायला आपण विसरत नाही आणि क्रँकची भोकं धुतली का, हे विचारायला विसरतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मुहूर्ताची घाई नसती तर ऑइल चढेपर्यंत थांबलो असतो.

इंजिन पुन्हा बाहेर काढलं. क्रँक दहा थाऊवरून (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वीस थाऊला ग्राइंड झाला, म्हणजे मूळ मापापेक्षा तेवढा बारीक झाला, शेल त्या मापाचे आले. या वेळी भोकांच्या टोकांची बुचं काढून डिझेलने आणि हवेने सगळं धुतलं. कॅप ज्या रॉडची त्याच रॉडला आणि त्याच दिशेने लागली ना, हे मामांनी स्वतः नंबर वाचून पाहिलं, कारण कॅप आणि रॉड एकत्र बोअर केलेले असतात आणि अदलाबदल झाली तर भोक गोल राहत नाही. प्रत्येक शेलला ऑइल लावलं, बोल्ट टॉर्क पान्याने आवळले. मग चारही स्पार्क प्लग काढून ठेवले, म्हणजे कॉम्प्रेशन नाही, बेअरिंगवर भार नाही, आणि नुसत्या स्टार्टरवर इंजिन थोडं थोडं फिरवलं. मामा डॅशबोर्डकडे बघत बसले होते. चौथ्या खेपेला लाल दिवा विझला. तेव्हा कुठे प्लग लावले.