आपलेच दात, आपलेच ओठ

शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच शरीरावर उलटली की होतात ते ऑटोइम्यून आजार. ही त्यांची गोष्ट. १९००च्या सुमारास पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने बकऱ्यांवर प्रयोग केले. एका बकरीला दुसरीचं रक्त टोचलं की तिच्या अंगात त्या परक्या रक्तपेशी फोडणारे प्रतिपिंड, म्हणजे प्रतिकारयंत्रणेची हल्ला करणारी प्रथिनं, तयार होत. पण ते तिच्या स्वतःच्या रक्तपेशींना हात लावत नसत. या प्रकाराला त्याने लॅटिन नाव दिलं, ‘हॉरर ऑटोटॉक्सिकस’, म्हणजे स्वतःलाच विष ठरण्याची शरीराला असलेली धास्ती. त्याचं म्हणणं खरं तर एवढंच होतं, की असा हल्ला घातक ठरेल, तेव्हा तो रोखण्याची काहीतरी तजवीज शरीरात असली पाहिजे. पुढच्यांनी अर्थ काढला तो ‘असं घडूच शकत नाही’ असा. गुरूपेक्षा शिष्य कडक, हे विज्ञानातही चालतं.

विरुद्ध पुरावा लगेच आला होता. १९०४ साली डोनाथ आणि लँडस्टायनर यांनी गारठ्यानंतर लाल लघवी होणाऱ्या रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच रक्तपेशी फोडणारा प्रतिपिंड दाखवला. तो अपवादात जमा झाला. १९१२मध्ये हाशिमोतो हाकारू या जपानी डॉक्टरने चार स्त्रियांच्या थायरॉईड ग्रंथीत लिम्फोसाइट या प्रतिकारयंत्रणेच्या पेशींची दाटी झालेली पाहिली आणि तसं लिहून ठेवलं. या पेशी तिथे काय करत होत्या, हे कळायला चव्वेचाळीस वर्षं गेली.

ते कळलं १९५६ साली, दोन ठिकाणी. अमेरिकेत बफेलोला नोएल रोझ या तरुण संशोधकाने सशांना सशाच्याच थायरॉईडचा अर्क टोचला. सशांनी त्याविरुद्ध प्रतिपिंड तयार केले, इतकंच नाही तर त्यांची ग्रंथी हाशिमोतोने वर्णन केली होती तशी दिसू लागली. रोझचे वरिष्ठ अर्नेस्ट विटेब्स्की हे एर्लिखच्या परंपरेतले. त्यांना हा निकाल पचेना. प्रयोग पुन्हा पुन्हा करायला लावून, फटी बुजवून, मगच त्यांनी तो छापू दिला. मला हा या इतिहासातला सर्वांत प्रामाणिक प्रसंग वाटतो, कारण ज्या मतावर त्यांची घडण झाली होती ते मोडणाऱ्या निबंधावर विटेब्स्कींनी स्वतःही सही केली. त्याच वर्षी लंडनमध्ये डेबोरा डोनियाक, आयव्हन रॉइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हाशिमोतोच्या आजाराच्या रुग्णांत तेच प्रतिपिंड सापडले. आपलेच दात आपलेच ओठ चावतात, हे आता नाकारता येणार नव्हतं. प्रश्न उरला तो हा, की काही जणांचेच का?

पहिलं उत्तर जनुकांकडून आलं. १९७३मध्ये लंडन आणि लॉस एंजेलिस इथल्या दोन गटांनी मणक्याचे सांधे जखडणाऱ्या अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसचा एचएलए-बी२७शी संबंध दाखवला. एचएलए म्हणजे आपलं-परकं ओळखायला प्रतिकारयंत्रणेला मदत करणारी जनुकं, आणि बी२७ हा त्यांतला एक प्रकार. युरोपीय वंशाच्या रुग्णांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांत बी२७ होतं. एवढा घट्ट संबंध क्वचितच सापडतो. पण उलट बाजूने मोजलं तर चित्र बदलतं. बी२७ असणाऱ्या शंभरांपैकी फार तर पाच-सहा जणांना हा आजार होतो. जुळ्यांनीही हेच सांगितलं. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूवर प्रतिकारयंत्रणेचा हल्ला) झाला, तर दुसऱ्याला तो होण्याची शक्यता साधारण चौथा हिस्सा, आणि आमवातात सुमारे १५ टक्के. जनुकं तीच, नशीब वेगळं.

बाहेरचं कारण सर्वांत स्वच्छ दिसलं ते गव्हामुळे आतड्याला इजा होणाऱ्या सीलियाक आजारात, तेही युद्धामुळे. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५च्या हिवाळ्यातल्या दुष्काळात नेदरलँड्समध्ये पाव मिळेनासा झाला, आणि इतर मुलं खंगत असताना सीलियाकची मुलं सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. १९५०मध्ये डिके यांनी प्रबंधात गव्हाकडे बोट दाखवलं. पुढे कळलं की यासाठी डीक्यू२ किंवा डीक्यू८ हे एचएलए प्रकार जवळपास अनिवार्य असतात. मात्र ते युरोपीय लोकसंख्येत तिसऱ्या हिश्शाहून अधिक लोकांत आहेत, गहू तर बहुतेक सगळेच खातात, आणि आजार होतो सुमारे एक टक्क्याला.

जनुकं आणि बाहेरची कारणं, या दोन्ही बाजू एकमेकींना गुणतात, हे दाखवणारा आकडा २००६ साली स्वीडनमधून आला. ज्यांच्याकडे आमवाताला अनुकूल एचएलए जनुकाच्या दोन प्रती होत्या आणि जे धूम्रपानही करत, त्यांना या आजाराच्या एका विशिष्ट प्रकाराचा धोका, दोन्हीपासून मुक्त असलेल्यांच्या तुलनेत २१ पट होता. धुरामुळे फुप्फुसातल्या प्रथिनांची घडण बदलते आणि ती घडण नेमकी याच जनुकवाल्यांच्या प्रतिकारयंत्रणेच्या डोळ्यांत भरते, असा अर्थ संशोधकांनी लावला. २०२२मध्ये अमेरिकी सैनिकांच्या रक्तनमुन्यांवरून एपस्टीन-बार विषाणूच्या संसर्गानंतर मल्टिपल स्क्लेरोसिसचा धोका ३२ पट वाढल्याचं दिसलं. पण हा विषाणू बहुतेक प्रौढांच्या अंगात असतोच. ऑटोइम्यून आजारांच्या रुग्णांत स्त्रियांची संख्या इतकी जास्त का, याचं समाधानकारक उत्तर अजूनही नाही. एक्स गुणसूत्र आणि संप्रेरकं, दोन्हींवर संशय आहे.

आणि एर्लिखची ती ‘तजवीज’? ती सापडली. १९९५मध्ये शिमोन साकागुची यांनी इतर पेशींना आवरणाऱ्या नियामक टी पेशी ओळखल्या. २००१मध्ये मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी फॉक्सपी३ हे जनुक शोधलं. या पेशी घडवण्याचं काम त्याचंच असल्याचं पुढे सिद्ध झालं. तिघांना २०२५चं नोबेल मिळालं. हे एकच जनुक बिघडलेल्या मुलग्यांना तान्हेपणीच मधुमेह, आतड्याचा दाह आणि त्वचेचे विकार एकदम गाठतात. तिथे धुराची, गव्हाची किंवा विषाणूची वाट पाहावी लागत नाही.