कालबाह्य औषधे : पोलादासाठी गंजरोधक

मुदत संपलेल्या गोळ्या व कॅप्सूलमधील औषधी रेणू आम्लात थोड्या प्रमाणात मिसळून पोलादाची झीज रोखण्याची पद्धत. जस्ताचा मुलामा देण्यापूर्वी पोलादावरची पपडी हायड्रोक्लोरिक आम्लाच्या हौदात काढतात. कारखान्यात याला पिकलिंग म्हणतात. पपडी सुटली की आम्ल खालचे लोखंड खाऊ लागते, म्हणून हौदात निरोधक (झीज रोखणारा पदार्थ) घालावा लागतो.

बहुतेक औषधांच्या रेणूंत नायट्रोजन, ऑक्सिजन, गंधक आणि वलयाकार रचना असतात. आम्लात नायट्रोजनवर धनभार येतो, पोलादाच्या पृष्ठावर आधीच क्लोराइड चिकटलेले असते, आणि त्या थरावर रेणू बसून धातू झाकतो. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, अँपिसिलिन, मेट्रोनिडॅझोल, रॅनिटिडिन यांवर असे प्रयोग झाले आहेत.

चाचणीसाठी ५×२×०.१ सेंमी.ची सौम्य पोलादाची पट्टी ४०० ते १२०० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने घासावी, ॲसिटोनने धुवावी, वाळवून वजन करावे. ३७ टक्के तीव्रतेचे सुमारे ८३ मिली हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात ओतून एकूण एक लिटर केले की १ मोलर द्रावण होते. पट्टीच्या दर चौ. सेंमी.ला निदान २० मिली, म्हणजे येथे ४३० मिलीच्या आसपास द्रावण हवे. ५०० मिली घेणे बरे. वीस गोळ्यांचे सरासरी वजन काढून, कुटून, औषधाचा अंश २०० ते १००० मिग्रॅ. प्रतिलिटर पडेल एवढी भुकटी घ्यावी आणि गाळावी. पट्टी द्रावणात ठेवून पुन्हा वजन केल्यावर निरोधकाविना २०० मिग्रॅ. घट व निरोधकासह ३० मिग्रॅ. आली, तर कार्यक्षमता ८५ टक्के.

चूक बहुधा गाळण्याच्या आसपासच होते. गोळीत स्टार्च, टाल्क, मॅग्नेशियम स्टिअरेटही असते. स्टार्च स्वतःच काही प्रमाणात गंज रोखतो. त्यामुळे नुसत्या पूरकांच्या, म्हणजे औषध नसलेल्या या घटकांच्या, द्रावणात वेगळी पट्टी न लावता सगळे श्रेय औषधाला देणे चुकीचे. पेनिसिलिन गटाचे बीटा-लॅक्टम वलय आम्लात तुटते. तेथे काम करणारा रेणू बहुधा मूळ औषधाचा नसतोच.

तापमान वाढले की भौतिक आकर्षणाने बसलेला थर सुटतो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो. तेव्हा ३० अंशांवरचा प्रयोग साध्या वॉटर बाथने होत नाही, थंड पाणी फिरवणारे यंत्र लागते. नागपूरजवळच्या हिंगणा-बुटीबोरी औद्योगिक वसाहतींतल्या शेडमधील हौदासाठी ३० अंशांचा आकडा कामाचा नाही. चाचणी ४० ते ६० अंशांवरही घ्यावी. थोडे पोटॅशियम आयोडाइड घातल्यास थर अधिक घट्ट बसतो.

अशा निरोधकांना ‘हरित’ म्हटले जाते. हे विशेषण मात्र सांडपाण्यावर ठरते. सर्वाधिक अभ्यासलेली प्रतिजैविके हीच उघड्या हौदासाठी सर्वांत अयोग्य आहेत. वापरलेले आम्ल चुन्याने उदासीन केले तरी त्यातील प्रतिजैविक शिल्लक राहू शकते, आणि ते नाल्यात गेले तर औषधाला न जुमानणारे जिवाणू वाढतात. प्रतिजैविक नसलेले, एकाच घटकाचे औषध निवडावे. कर्करोगाची औषधे कधीही वापरू नयेत. रुग्णालयातील मुदतबाह्य औषधे जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार पिवळ्या वर्गात मोडतात. ती उत्पादकाकडे परत पाठवावी किंवा जाळावी लागतात, परस्पर कारखान्याला देता येत नाहीत.